तळहाताएवढं पापलेट

गेल्या रविवारी पहाटे आयबरोबर वर्सोव्याच्या बंदरावर गेले होते. टपात बर्फ, बर्फावर पापलेट. आयनं एक उचलून तळहातावर आडवं ठेवलं. शेपटीसकट ते बोटांच्या पहिल्या पेरातच संपलं. "पोरं हान ही," एवढंच बोलली आणि परत टपात टाकून पुढं बोंबलांकडं गेली.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी. त्यांना कुणी रवा लावून तळत नाही. मानकरी पण हाच आणि थाळीतला फ्राय पण हाच, असं नशीब एकट्या पापलेटाचं. त्याच वर्षी केरळ-कर्नाटकानंतर आपल्या राज्यानंही ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. नियम चांगलाच आहे. फक्त पहाटेच्या लिलावात पट्टी घेऊन उभा राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या बोटींनी, दर्या उपसून नेला, हे आम्ही कोळी लोक कायम बोलतो आणि ते खोटं नाही. २०१६ च्या आदेशात पर्ससीनचे परवाने कमी करत १८२ वर आणायचं ठरलं. २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या उजेडानं मासे ओढून धरायच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री खोल दर्यात उजेड दिसतो, असं आमचे खलाशी सांगतात. यावर मोर्चे निघतात, निघायलाच हवेत. पण आज मला आमच्याबद्दल लिहायचंय. घरच्यांच्या शिव्या खायची तयारी आहे.

आमची डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून बांधलेली जाळ्याची लांबलचक पिशवी. पाणी आत शिरतं, म्हावरं शेवटच्या भागात, खोल्यात, जाऊन बसतं. तिथला आस, म्हणजे जाळ्याचं भोक, इतका बारीक की जवळासुद्धा निसटत नाही. मग जवळ्याबरोबर रुपयाएवढी पापलेटं येणारच. डोल वर ओढेपर्यंत ती मेलेली असतात, परत पाण्यात टाकून उपयोग शून्य. आस मोठा करा, हे एसीत बसून सांगायला सोपं आहे. जवळा गेला तर तो सुकवून वर्षाचा खर्च भागवणारी बाई काय करणार? हे मला कळतं, आमचं घर त्यावरच चाललंय. पण रुपयाएवढी पापलेटं आज विकायची आणि पाच वर्षांनी सरकारला विचारायचं, आमचं पापलेट कुठं गेलं? हेही मला पटत नाही.

आणखी एक. माझे आजोबा नारळी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय होडी पाण्यात घालत नसत. आता पावसाळ्यातली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे १ ऑगस्टला बोटी सुटायला मोकळ्या. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, पुनव आली ३० ऑगस्टला. आजोबांच्या हिशेबानं दर्याला जवळजवळ एक महिना जास्त मिळाला असता, लहान म्हावऱ्याला वाढायला. पंचांग शास्त्रीय असतं असं म्हणत नाही मी, पण त्यांची थांबायची तयारी होती. आज एका बंदरानं थांबायचं ठरवलं तर शेजारचं बंदर पहिल्याच दिवशी निघतं. मग कोण थांबणार?

वरळीच्या कोळ्यांनी कोस्टल रोडच्या दोन खांबांमध्ये १६० मीटर मागितले होते. आराखड्यात होते ६०, भांडून मिळाले १२०. पूर्ण नाही, पण होडी जायची वाट तरी राहिली. सगळे एकत्र बसले म्हणून ते झालं. खोल्याच्या आसावर आम्ही एकदा तरी असे बसलोय का?

आणि लोखंडवालातून गाडी घेऊन येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही सुटला नाहीत. "मावशी, छोटीच द्या, तव्यात मावतात," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय.

त्या रविवारी आयनं सोडलेला टप शेजारच्या मावशीनं उचलला. दहाच्या आत तिची पाटी रिकामी झाली. आयच्या पाटीत निम्मे बोंबील तसेच होते. ते तिनं दुपारी वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या दोरीवर, टाकले आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही, कारण परत येताना मी म्हणाले होते, "घेतली असतीस तर काय बिघडलं असतं?"