बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा महाग नव्हता, स्वस्त होता

अमेरिकन क्रांतीबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं सार असं: इंग्रजांनी चहावर जबर कर लादला, चहा गरिबाला परवडेना, वर सैनिक लोकांच्या घरात घुसवले, मग चिडलेल्या बॉस्टनकरांनी भारतातून आलेला चहा समुद्रात फेकला आणि तिथेच युद्धाला तोंड फुटलं. गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून पसरते. पण अशी सांगितली की मूळ भांडण कशाचं होतं तेच हरवतं.

महागाईपासूनच सुरुवात करू. 1773च्या मे महिन्यात संमत झालेल्या चहा कायद्याने नवा कर लावला नाही. एक पौंड वजनाच्या (सुमारे अर्धा किलो) चहामागे तीन पेन्स हा कर 1767पासूनच होता. नव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत पाठवायची मुभा दिली आणि इंग्लंडात भरावी लागणारी जकात माफ केली. त्यामुळे कंपनीचा चहा चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहाशी टक्कर देण्याइतका उतरणार होता.

मग राग का? एक म्हणजे हा चहा कंपनीने निवडलेल्या मोजक्या आडत्यांनाच विकायला मिळणार होता. बॉस्टनमधल्या आडत्यांत खुद्द गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. बाकीच्या व्यापाऱ्यांचा, आणि खरं सांगायचं तर तस्करांचाही, धंदा बसणार होता. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चहावरच्या त्या तीन पेन्स कराच्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार देण्याची सोय झाली होती. तोवर गव्हर्नरचा पगार मंजूर करणं स्थानिक विधिमंडळाच्या हाती होतं, त्यामुळे त्याला लोकांचं ऐकावं लागे. तो लगामच सुटला. स्वस्त चहा विकत घेणं म्हणजे हे सगळं मुकाट मान्य करणं, असं अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधल्या लोकांनी ओळखलं.

दर कमी करूनही राग ओढवण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. 1764च्या साखर कायद्याने परदेशी मळीवरची जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली. पण जुनी जकात कागदावरच होती, लाच देऊन ती सहज चुकवली जाई. नवी मात्र खरोखर वसूल होऊ लागली, आणि अशा खटल्यांचा निकाल ज्यूरी नसलेली आरमारी न्यायालयं देऊ लागली.

'जबर कर' हे विधानही टिकत नाही. 1763मध्ये संपलेल्या, फ्रान्सविरुद्धच्या सात वर्षांच्या युद्धाने ब्रिटनच्या डोक्यावर प्रचंड कर्ज चढलं होतं आणि खुद्द इंग्लंडातला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. 1765च्या मुद्रांक कायद्याने वर्तमानपत्रं, न्यायालयीन कागद, पदव्या, अगदी खेळायच्या पत्त्यांवरही शुल्क बसवलं. नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले. त्यांचं म्हणणं होतं की ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिला आमच्यावर कर बसवता येणार नाही. मार्च 1766मध्ये तो कायदा मागे घेतला गेला. पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला: वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्यात कराची एक पैही नव्हती, तरी पुढच्या दहा वर्षांचं भांडण त्याच कागदात आहे. 1770मध्ये काच, शिसं, रंग, कागद यांवरची 1767पासूनची जकात रद्द करून चहावरची तेवढी शिल्लक ठेवली, तीही हा हक्क सोडला नाही हे दाखवण्यासाठीच.

सैनिकांबद्दल थोडक्यात. 1765च्याच दुसऱ्या एका कायद्यानुसार सैनिकांची सोय बराकीत, ती अपुरी पडली तर खाणावळी आणि दारूच्या गुत्त्यांत, मग रिकाम्या घरांत व कोठारांत करायची होती. लोकांच्या राहत्या घरात नव्हे. सरपण, मेणबत्त्या, अंथरूण यांचा खर्च वसाहतीने उचलायचा, यावरून वाद झाला. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने हात आखडता घेतला, तेव्हा पार्लमेंटने त्याचे अधिकारच गोठवण्याचा कायदा केला.

आणि चहा बुडाला म्हणून लगेच युद्ध पेटलं असंही नाही. 16 डिसेंबर 1773च्या रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या. कित्येकांना ही नासधूस पसंत नव्हती. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या मते तर कंपनीला भरपाई द्यायला हवी होती. सगळ्या वसाहती एकत्र आल्या त्या लंडनच्या उत्तरामुळे. 1774मध्ये बॉस्टनचं बंदर बंद केलं गेलं, बॉस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून गावसभांवर बंधनं आली, सरकारी अधिकाऱ्यांवरचे खटले दुसरीकडे हलवायची सोय झाली. युद्धाची पहिली गोळी बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टन गावात सुटली ती 19 एप्रिल 1775 रोजी, म्हणजे चहा बुडाल्यानंतर सोळा महिन्यांनी. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध तक्रारींची लांबलचक यादी आहे. त्यात संमतीविना कर लादल्याची तक्रार एका ओळीत येते, चहाचं तर नावही नाही.

राहिला 'भारतातून आलेला चहा'. तो चहा चीनचा होता. आसामातला चहा बाजारात यायला अजून साठेक वर्षं होती. तरीही या गोष्टीत भारत आहे, आणि तो भाग त्या मजकुरात नेमका गाळला जातो. कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, मिळाली 1765मध्ये, मुद्रांक कायद्याच्याच वर्षी. 1770च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तरी सारावसुली थांबली नाही. दोन वर्षांनी कंपनीच कर्जात बुडाली, तिच्या लंडनच्या गोदामांत लाखो पौंड चहा पडून राहिला, आणि तिला वाचवण्यासाठी चहा कायदा आला. पेनसिल्व्हेनिया वसाहतीतले वकील जॉन डिकिन्सन यांना हे ठाऊक होतं. 1773च्या अखेरीस टोपणनावाने लिहिलेल्या पत्रकात त्यांनी देशबांधवांना बजावलं, की या कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, आणि पुरावा म्हणून बंगालचे भूकबळी त्यांच्यापुढे ठेवले.