हवा कमी आहे

रविवारी सकाळी साडेसातला मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाऊनवर ओढणी घेऊन, फरशीवर गुडघे टेकून बसले होते आणि माझा रोबो सेक्रेटरींच्या स्कूटरसमोर प्रदक्षिणा घालत होता. गाभाऱ्यामागे जायला जागा नसली की आपण देवासमोर जागच्या जागी गोल फिरतो ना, तशी.

त्याचं नाव बाळ्या. प्लायवूडचा पाट, दोन मोटारी, मागे ट्रॉलीला असतं तसलं फिरतं चाक, डोक्यावर सेकंडहँड लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा डोळा. लिफ्टपासून ११ मीटर सरळ जायचं, मीटररूमकडे वळायचं आणि आल्या वाटेने परत यायचं, एवढंच काम. चांद्रयान नव्हे. पण जाताना हा नागमोडी जायचा आणि येताना प्रदक्षिणा.

प्रदक्षिणेचं कारण पाच मिनिटांत सापडलं. बाळ्या आपली दिशा उणे १८० ते अधिक १८० अंशांत मोजतो. परतीला तोंड बरोब्बर उलटं, म्हणजे स्वारी १८०च्या उंबरठ्यावर. आहे १७९, हवंय उणे १७९. खरा फरक दोन अंशांचा. माझ्या कोडने शाळेतली वजाबाकी केली, ३५८ आले, आणि बाळ्याने ते इमानेइतबारे फिरून दाखवले. कोन पुन्हा चौकटीत आणायची एक ओळ मी खाल्ली होती. ती लिहिली, विषय संपला.

नागमोडीने मात्र तीन आठवडे खाल्ले. वाट धरून चालायची जुनी पद्धत आहे, प्युअर परस्यूट. कार्नेगी मेलनच्या कूल्टर यांचा तिच्यावरचा १९९२चा अहवाल लोक अजून चाळतात. रोबोने वाटेवर आपल्यापुढचा एक बिंदू धरायचा आणि त्याच्याकडे वळत राहायचं. तो सरकला की बिंदूही सरकतो. गाढवापुढचं गाजर. गाजर फार जवळ बांधलं तर गाढव झुलत चालतं, फार लांब बांधलं तर कोपरा खातं. मी ३० सेंटिमीटर केलं, ६० केलं, ९० केलं. नव्वदला त्याने कोपरा असा खाल्ला की वॉचमनच्या चपला फरफटत मीटररूमपर्यंत नेल्या.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका दुधाच्या पिशव्या घेऊन आले.

"काय चाललंय?"

हे मला नाही विचारलं. माझा नवरा चहाचा कप घेऊन खांबाला टेकला होता, त्याला विचारलं. नवरा बँकेत आहे. टीव्हीच्या रिमोटचे सेल माझ्याकडून बदलून घेतो.

"रोबो आहे," तो म्हणाला.

"तुम्ही केलात?"

"हिने केलाय."

"वा वा," काका त्यालाच म्हणाले. "मग असा झिंगल्यासारखा का चालतो हो?"

मी खालून म्हटलं, "काका, गाजराचं अंतर बघतेय."

काकांनी माझ्याकडे दूध उतू जाताना बघावं तसं बघितलं आणि नवऱ्याला निदान सांगितलं, "हवा कमी आहे. उजव्या चाकात. माझी फियाट अश्शीच ओढायची."

"काका, याच्या चाकात हवा नसते. भरीव रबर आहे."

"हवा नाही?" काका नवऱ्याकडे वळले. "मग मी तेच तर म्हणतोय."

यावर काय बोलणार? काकांनी दुधाच्या पिशव्या नवऱ्याच्या हातात दिल्या, उकिडवे बसले आणि देठापाशी हापूस दाबावा तसं दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून पाहिली. "उजवं बसकं आहे." मग वॉचमनला हाक. वॉचमन सायकलचा पंप घेऊन आला. चपलांचा राग होताच, उत्साहाने आला. दोघांनी मिळून बाळ्याला उताणा केला.

"व्हॉल्व्ह कुठाय?"

"नाहीये."

"नाही कसा? कंपनीकडे तक्रार करा."

"काका, कंपनी मीच आहे."

"बिल जपून ठेवा," काका नवऱ्याला म्हणाले, आणि नवऱ्याने मान डोलावली!

हवेचं मला काही नाही. चौदा वर्षं मी सॉफ्टवेअर लिहून पगार घेते, आणि तरी प्रश्न नेहमी माझ्या डोक्यावरून शेजारच्या पुरुषाकडे जातात, हे मात्र आहे. पुरुष हजर नसला तर लोक तो तयार करतात. बुधवार पेठेत मोटारी घ्यायला गेले की काउंटरवरून ठरलेला प्रश्न, "ताई, मुलगा कितवीला?" मला मूल नाही. सुरुवातीला सांगायचे, आता सांगत नाही. त्या न झालेल्या मुलाच्या प्रोजेक्टसाठी मी आजवर मोटारी चालवणारे दोन ड्रायव्हर बोर्ड, एक सोल्डरिंग गन आणि जुनं फाटलं म्हणून एक सुटं चाक आणलंय. सध्या तो आठवीत आहे.

ते सुटं चाक म्हणजे उजवं. "सगळी सेमच असतात ताई."

रात्री नवरा झोपल्यावर मी व्हर्निअर काढला. डावं चाक ६५ मिलिमीटर. उजवं ६४.

एक मिलिमीटर. चाकांमधलं अंतर ३० सेंटिमीटर धरा आणि हिशोब करा: १० मीटर गेल्यावर उजवं चाक १५ सेंटिमीटर मागे पडतं, बाळ्या २९ अंशांनी उजवीकडे वळलेला असतो आणि वाटेपासून अडीच मीटर बाहेर. त्याला पत्ताच नसतो, कारण एन्कोडर चाकाचे फेरे मोजतो, चाकाचा व्यास नाही. मग लायडारला भिंत दिसते, तो ओरडतो, बाळ्या दचकून डावीकडे. पुन्हा उजवीकडे, पुन्हा दचका. ही ती नागमोडी. गाजराचा काही दोष नव्हता. मिशिगन विद्यापीठातल्या बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी नव्वदच्या दशकातच यावर चाचणी बसवून ठेवलीय: ४ मीटरच्या चौकोनावर पाचदा घड्याळाच्या दिशेने, पाचदा उलट चालवा आणि मुक्कामाला किती चुकतो ते मोजा. एकाच दिशेने चालवलं तर एक चूक दुसरीला झाकते. मला चाचणी माहीत होती. केली नव्हती. गाजर हलवणं सोपं असतं.

म्हणजे उजवं बसकंच होतं.

दोन्ही चाकांची खरी मापं कोडमध्ये घातली. पुढच्या रविवारी बाळ्या लिफ्टपासून रेघ मारल्यासारखा गेला, वळला, परत आला, चपलांना धक्का नाही. काका दुधाच्या पिशव्या घेऊन तिथेच उभे होते.

"काय, भरली ना हवा?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग कपात पाहिलं.

"हो काका," तो म्हणाला, "भरली."