बॅण्डला आधी खोली लागते

मराठीला अभिजात दर्जा मिळाला ऑक्टोबर 2024 मध्ये. पुढच्याच वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्र तापला, 29 जूनला सरकारनं ते आदेश मागे घेतले आणि 5 जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला. तेव्हापासून कोल्हापूरला घरी फोन केला की बोलणं फिरून फिरून तिथंच येतं. माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं असं : "दर्जा मिळाला, सक्ती टळली, आता पोरांनी मराठीत काहीतरी करून दाखवायला पाहिजे. नुसती दुसऱ्यांच्या गाण्यांवर नाचतात. अभिमानच कमी पडतोय."

अभिमान कमी पडतोय हे मला पटत नाही. का पटत नाही, ते मी राहते त्या जिल्ह्यातल्या चार पोरांकडे बघून सांगते.

एडिंबरा आणि ग्लासगो यांच्या मधोमध वेस्ट लोदियन नावाचा जिल्हा आहे. तिथल्या व्हिटबर्न या छोट्या गावातले चार मित्र : जॅक कॉक्रन, जो मॅकगिलव्हरे, कॅलम विल्सन आणि जॉर्डन मॅके. त्यांचा बॅण्ड 'द स्नट्स'. एप्रिल 2021 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि अमेरिकेच्या डेमी लोव्हाटोला मागं टाकून ब्रिटनच्या अल्बमखपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. स्कॉटलंडच्या एखाद्या बॅण्डनं पहिल्याच अल्बममध्ये पहिला नंबर गाठला, असं त्याआधी 2007 मध्ये डंडीच्या 'द व्ह्यू' या बॅण्डच्या बाबतीत झालं होतं. मधली चौदा वर्षं कोरडी. आणि अल्बमचं नाव काय, तर 'डब्ल्यू. एल.', म्हणजे वेस्ट लोदियन. जिल्ह्याची आद्याक्षरं! करवीर तालुक्यातल्या पोरांनी आपल्या पहिल्या अल्बमला तालुक्याचं नाव द्यावं आणि तो देशात पहिला यावा, असं मनात आणून बघा. लुइस कपाल्डी हा गायकही याच व्हिटबर्नमध्ये वाढला. 2019 आणि 2020 अशी सलग दोन वर्षं ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम त्याचा होता. गावाची वस्ती मात्र अकरा हजारांच्या आसपास.

"तिकडं पैसा आहे ताई, तिकडं काय कुणीही करेल," हे भावाचं पुढचं वाक्य. त्यानं एकदा इथं येऊन हा भाग बघायला हवा. व्हिटबर्नला पोल्केमेटची कोळसा खाण होती. 1984 च्या खाणकामगारांच्या संपात तिच्यात पाणी भरलं, ती पुन्हा उभी राहिली नाही. शेजारच्या बाथगेटमधला ब्रिटिश लेलँडचा ट्रकचा कारखाना 1986 मध्ये बंद झाला. 'द प्रोक्लेमर्स' या जुळ्या भावांनी 1987 मध्ये बंद पडलेल्या कारखान्यांचं जे गाणं गायलं, त्यात बाथगेटचं नाव आहे. पुढं मोटोरोलाचा कारखाना आला आणि 2001 मध्ये तोही गेला. इचलकरंजीत यंत्रमाग बंद पडले की घराघरात काय होतं ते ज्यांनी बघितलंय, त्यांना हा जिल्हा ओळखीचा वाटेल. पैसेवाल्यांच्या पोरांचा छंद इथं पहिला आला नाही.

मग हे यश आलं कुठून? माझं उत्तर साधं आहे. इथं पोरांना वाद्य मिळतं, आणि वाजवायला खोली मिळते.

वाद्याचं आधी सांगते, कारण तिथं सगळं आलबेल नव्हतं. 2003 पासून स्कॉटलंडच्या सरकारची शाळकरी मुलांसाठी संगीताची योजना आहे. प्राथमिक शाळा संपण्याआधी प्रत्येक मुलाला वर्षभर तरी फुकट संगीत शिकायला मिळावं, हा तिचा हेतू. पण त्यापुढचं वाद्यशिक्षण कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या हातात होतं, आणि पैसा आटला तशी अनेक कौन्सिलांनी फी लावली. वेस्ट लोदियननं 2018 मध्ये लावली आणि शिकणाऱ्या मुलांची संख्या धाडकन खाली आली. पालक चिडले, शिक्षक चिडले, संगीतकारही बोलायला लागले. शेवटी 2021 मध्ये सरकारनं सरकारी शाळांतली वाद्यशिक्षणाची फी देशभर रद्द केली. माझी मुलगी आता शाळेतच ट्रम्पेट शिकते, वाद्य शाळेचंच. फी असती तर आम्ही भरलीही असती, पण तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या आईला ती परवडली नसती. त्या दोघी एकत्र वाजवतात याचं मोल मला फार वाटतं.

आमच्या कोल्हापूरच्या शाळेत हार्मोनियम होती. गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस ती कपाटातून बाहेर यायची आणि नंतर पुन्हा कुलपात जायची. संगीताचे वेगळे शिक्षक कधी नव्हतेच.

आता खोली. स्कॉटलंडमधल्या बॅण्डची वाट पायरीपायरीनं जाते. आधी कुणाच्या तरी घराचं गॅरेज किंवा गावातला हॉल. मग पबची मागची खोली, जिथं पन्नास लोक येतात आणि त्यातले चाळीस ओळखीचे असतात. मग ग्लासगोमधलं 'किंग टट्स वा वा हट' : जेमतेम तीनशे माणसांची जागा. 1993 च्या मे महिन्यात याच खोलीत रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या अ‍ॅलन मॅकगीनं 'ओएसिस' या बॅण्डला ऐकलं आणि करार देऊ केला. त्यानंतर बॅरोलँड बॉलरूम, तिथं एकोणीसशे माणसं मावतात. आणि मग उन्हाळ्यात ग्लासगो ग्रीनच्या मैदानावरचा मोठा महोत्सव. स्नट्स हीच वाट चालत गेले. पहिला अल्बम येण्याआधीच त्यांनी बॅरोलँड भरवलं होतं. अल्बम आला तेव्हा कोविडमुळं सगळी सभागृहं बंद होती, तरी तो पहिला आला, कारण छोट्या खोल्यांत घामाघूम होऊन त्यांना ऐकलेल्या माणसांनी तो विकत घेतला. त्या खोल्यांनीच हे श्रोते जमवले होते.

यातली कुठलीही पायरी काढून टाका, वरची पायरी हाताला लागत नाही. लोक मोठ्या मंचाकडं बघतात आणि म्हणतात, प्रतिभा आहे. प्रतिभा असतेच, पण तीनशेच्या खोलीत पहिल्या वेळी वाईट वाजवायची मुभा मिळाली नाही, तर ती प्रतिभा नोकरी शोधायला जाते.

बॅरोलँडची अजून एक गोष्ट आम्हा कोल्हापूरकरांना जवळची वाटेल. 1934 मध्ये उघडलेलं ते सभागृह 1958 मध्ये आगीत जळालं. दोन वर्षांत पुन्हा बांधलं. आज जे आहे ते 1960 चं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि मी इथं फोनवर त्या ज्वाळा बघत होते. शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेली वास्तू. रस्त्यावर माणसं रडत होती. ज्यांनी कधी नाटकात काम केलं नाही अशी माणसं रडत होती. एखादी जागा गाव घडवते हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही, ते आम्हाला पोटातून कळतं. फक्त ते कळणं मोठ्या नाट्यगृहापाशी थांबतं. छोट्या खोलीची मागणी कुणी करत नाही.

मराठीत हे आधी झालेलं नाही, असंही नाही. मुंबईत दादरला छबिलदास शाळेचा हॉल होता. सत्तरीच्या दशकात अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार'नं संध्याकाळी तिथं नाटकं करायला सुरुवात केली आणि पुढं त्या एका हॉलवरून प्रायोगिक नाटकांच्या अख्ख्या चळवळीला छबिलदासचं नाव पडलं. शाळेचा हॉल, साधं भाडं, समोर बसलेली मोजकी माणसं. पुण्यात पुरुषोत्तम करंडक 1963 पासून कॉलेजच्या पोरांना तेच देत आलाय : दरवर्षी ठरलेली तारीख, खरा रंगमंच आणि हुर्यो उडवणारा खरा प्रेक्षक. मराठी रंगभूमीला पिढ्यान्‌पिढ्या नवी माणसं मिळत राहिली त्यामागं हे आहे. नाटकाला आपण खोली दिली, नाटक जगलं. स्वतःची गाणी लिहिणाऱ्या पोरांना आपण ती दिली नाही.

त्यांना मिळतात ते बार. पुण्या-मुंबईत लाइव्ह संगीत वाजतं ते बहुतेक दारू मिळते तिथं, आणि महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21, कडक दारूसाठी 25. सतरा वर्षांच्या गिटारवाल्यानं जायचं कुठं? ग्लासगोत मोठ्या माणसाबरोबर चौदा वर्षांचं पोर अनेक कार्यक्रमांना जाऊ शकतं. माझी पुतणी कोल्हापुरात गाणी लिहिते, मराठीत, चांगली लिहिते. ती गाते तिच्या खोलीत, मोबाइलसमोर. गाणं फोनवरून पसरू शकतं, हे खरंच आहे. जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' 2024 मध्ये देशभर वाजलं, परदेशातल्या लग्नांतही वाजलं, आणि मराठी गाणं ऐकायला माणसं नाहीत हा दावा त्यानं कायमचा निकालात काढला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण चौघांनी मिळून वाजवायचं असतं तेव्हा एकमेकांचा श्वास ऐकावा लागतो. ते फोनवर शिकता येत नाही.

इथं सगळं सुखाचं आहे असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. 2023 या एका वर्षात ब्रिटनमध्ये संगीताच्या 125 छोट्या जागा बंद पडल्या, हा 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट'चा आकडा. भाडं, वीजबिल, वर नव्या शेजाऱ्यांच्या तक्रारी. त्यावर चाललेली चर्चा मात्र मला महाराष्ट्रात हवी आहे. मोठ्या स्टेडियमच्या तिकिटांमागं थोडी रक्कम छोट्या जागांसाठी काढावी, अशी शिफारस संसदेच्या समितीनं 2024 मध्ये केली. सरकारनं ती ऐच्छिक ठेवली, मला ती सक्तीची हवी होती. स्कॉटलंडनं 2019 च्या नियोजन कायद्यात आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. जुन्या संगीताच्या जागेशेजारी कुणी नवे फ्लॅट बांधले तर आवाज अडवण्याचा खर्च फ्लॅट बांधणाऱ्यानं करायचा, आधीपासून असलेल्या जागेनं नाही. पुण्यात एखाद्या बिल्डरला हे सांगून बघा.

स्नट्ससुद्धा झगडत आहेत. 2023 मध्ये मोठी रेकॉर्ड कंपनी सोडून त्यांनी स्वतःचं लेबल काढलं आणि पुढचा अल्बम त्यावरच आणला. पहिल्या नंबरानं आयुष्य सुटत नाही.

आणि भाषेच्या दर्जाबद्दल. 2025 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनंही गेलिक आणि स्कॉट्स या भाषांना अधिकृत दर्जा दिला. मी त्याचं स्वागत केलं, जसं मराठीच्या अभिजात दर्जाचं केलं. शाळेत मुलांना आपल्या बोलीसाठी टोमणे ऐकावे लागत होते, त्या समाजाला दर्जाची किंमत मोठी असते. पण दर्जा मिळाला म्हणून सतरा वर्षांचं पोर गाणं लिहीत नाही. ते लिहितं कारण शुक्रवारी वाजवायचंय आणि तीन मित्र वाट बघतायत.

भावाचा शेवटचा मुद्दा खरा आहे. "तू तिथून सांगतेस, इथं महापालिकेकडं रस्त्याला पैसा नाही." म्हणून मी नवीन इमारत मागतच नाही. कोल्हापूर फुटबॉल का खेळतं, याचा विचार करा. सगळा महाराष्ट्र क्रिकेटमागं असताना आमच्या पेठांत फुटबॉल रुजला, कारण पेठेपेठेत तालीम आहे. तालमीला स्वतःची खोली आहे, पोरांना संध्याकाळी जमायला जागा आहे, आणि मोसमात शाहू स्टेडियमवर हजारोंसमोर खेळायची संधी आहे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना असला की शहर थांबतं. पायऱ्या आमच्याकडं आहेत. त्या फक्त चेंडूसाठी आहेत.

म्हणून भावाला मी एवढंच मागितलंय. त्याच्या तालमीची वरची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ गाणाऱ्या पोरापोरींना द्यावी, पोरींनाही, हे मी दोनदा सांगितलंय. दोन स्पीकर, एक ड्रमसेट, रात्री दहाच्या आत बंद. महिन्यातून एकदा खाली चटया टाकून पेठेतल्या लोकांसमोर वाजवू द्यावं, स्वतःची गाणी, ऑर्केस्ट्राची नाहीत. ड्रमसेटचे पैसे मी पाठवते. त्यानं तालमीच्या समितीत विषय मांडायचं कबूल केलंय, आणि विरोध कोण करणार हेही त्याला माहीत आहे.