देवाने बाहेर बसावे

आज एका घरगुती बैठकीत एका सुशिक्षित गृहस्थांनी मला सर्वांसमक्ष विचारले, "तुम्ही देव मानत नाही, मग खोटे बोलण्यापासून तुम्हाला अडवते कोण?" विचारून झाल्यावर ते असे हसले, जणू खटला निकालीच निघाला. मी गप्प राहिलो आणि त्याचाच राग आता लिहिताना वाढतो आहे.

माझी आजी कमालीची श्रद्धाळू होती. आत्याने परधर्मातील मुलाशी लग्न केले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी धर्माचा दाखला देऊन तिला घर बंद केले. काही महिन्यांनी ती दारात येऊन उभी राहिली आणि आजीने कोणालाही न विचारता कडी काढली. "देवाला हे चालणार नाही," असे मागून कोणीतरी ओरडले. आजी म्हणाली, "चालत नसेल तर त्याने बाहेर बसावे."

प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिस जे विचारतो, ते आजीने एका वाक्यात निकालात काढले होते. पवित्र गोष्ट पवित्र असते म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते? पहिले खरे असेल, तर चांगल्यावाइटाची कसोटी देवाच्या मर्जीवर अवलंबून नाही आणि ती माझ्यासारख्यालाही खुली आहे. दुसरे खरे असेल, तर उद्या क्रौर्याची आज्ञा झाली की क्रौर्यच पुण्य होईल, आणि हे आपल्यापैकी कोणाच्याही गळी उतरणार नाही. देव स्वभावतःच चांगला असल्याने तो तशी आज्ञा देणारच नाही, असे धर्मचिंतक म्हणतात. हे उत्तर अगदीच पोकळ नाही, मान्य; परंतु तो चांगला आहे हे ओळखण्यासाठी लागणारी समज आपण आधी कोठून आणली, हा प्रश्न उरतोच. आजीकडे ती होती, म्हणून तर तिला देवालाही जाब विचारता आला.

युथिफ्रो हा स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालेला गृहस्थ. धर्म म्हणजे काय ते आपल्याला नेमके ठाऊक आहे, अशी त्याची खात्री असते. प्रश्न अंगाशी येऊ लागतात तेव्हा त्याला एकाएकी घाई आठवते आणि तो निघून जातो. आज मात्र पाय काढता घेतला तो मी.

नास्तिक म्हणवणाऱ्या सत्तांनीही माणसे मारली आहेत, हे ठाऊक आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

राग थोडा निवळल्यावर आठवले, की याच गृहस्थांनी अंथरुणाला खिळलेल्या पत्नीची अनेक वर्षे स्वतःच्या हातांनी शुश्रूषा केली. देव नाही असे त्या काळात कोणी सिद्ध करून दाखवले असते, तर त्यांनी ती सोडली असती का? हेच मी त्यांना विचारायला हवे होते, आणि तेही हळू आवाजात.

आत्या सांगते, की त्या रात्री आजी नेहमीपेक्षा बराच उशिरापर्यंत प्रार्थनेला बसली होती. ती क्षमा मागत होती की भांडत होती, हे आत्याने तिला कधी विचारले नाही. मीही विचारले नाही.