सिरॅमिक कोटिंग असलेली गाडीसुद्धा पुसावीच लागते

‘सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीला फडकं लावू नका. धुवा आणि सरळ उन्हात उभी करा, पाणी आपोआप घसरून जातं. कोटिंग ९एच म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण, त्यामुळे रोज कोरड्या कपड्याने धूळ झटकली तरी ओरखडा येत नाही. डाग पडलाच तर लिंबू चोळा. पाच वर्षं बाकी काही बघावं लागत नाही.’ हा मेसेज मला वेगवेगळ्या ग्रुपवर इतक्यांदा आला की मी तो न वाचताच सोडून देत होते. (सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर चढवलेला पातळ, पारदर्शक, पाणी टिकू न देणारा थर.) मग कळलं की माझे मामा महिनाभर त्याबरहुकूम वागत होते. गाडी काळी, सोसायटी पुण्यात वाकडला, उन्हाळ्यात भरवसा बोअरवर आणि टँकरवर. बॉनेटभर पांढरी वर्तुळं उठली आहेत आणि ती शाम्पूने जात नाहीत. कोटिंगवर खर्च केलेल्या माणसाला असला सल्ला मिळावा याचा मला खरोखर राग आला आहे.

सगळ्यात घातक सल्ला उन्हाचा, म्हणून आधी तोच घेते.

कोटिंग पाण्याला चिकटू देत नाही, हे खरं. पण म्हणून पाणी गाडीवरून नाहीसं होत नाही. दारांवरून आणि काचांवरून ते ओघळतं, कारण तिथे उतार आहे. बॉनेट, टप आणि डिकीचं झाकण जवळपास सपाट असतात. तिथे थेंब गोल होऊन जागच्या जागी बसतात. साध्या रंगावर पाणी पसरतं आणि क्षारही पातळ पसरतात. कोटिंगवर तेच क्षार एकेका थेंबात गोळा होतात. थेंब सुकताना आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि क्षार कडेला साचतात, म्हणून डाग ठिपक्यासारखा न दिसता कड्यासारखा दिसतो. म्हणजे ज्या गुणाचं कौतुक करून मेसेज ‘पुसू नका’ म्हणतो, त्याच गुणामुळे पुसणं जास्त गरजेचं होतं.

आणि पाणी कोणतं? पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १०५००:२०१२ हे मानक आहे. त्यात पाण्याच्या कठीणपणाची, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम दिली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. हा कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजतात. आता धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरा. ६०० च्या पाण्यात त्याचे ३०० मिलिग्रॅम होतात. ऊन पाणी उडवतं, हे ३०० मिलिग्रॅम मागे ठेवतं. हा हिशोब पिण्याच्या मानकात बसणाऱ्या पाण्याचा झाला. गाड्या धुवायच्या टँकरचं पाणी कुणी तपासून घेत नाही. ज्या पाण्याने बाथरूमच्या नळावर पांढरा थर चढतो, तेच पाणी गाडीवर सुकवायचं आणि डाग पडणार नाहीत म्हणायचं, हे कोणत्या आधारावर?

एप्रिलच्या दुपारी काळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही. अशा तापल्या पत्र्यावर थेंब मिनिटांत सुकतो आणि डाग पक्का बसतो. पाण्यात सिलिका असेल तर तो नंतर आम्लालाही दाद देत नाही, पॉलिश करूनच काढावा लागतो. पॉलिश केलं की तिथलं कोटिंगही गेलं.

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगते. कोटिंग असलेली गाडी सुकवायला खरोखर सोपी असते. पाइपचा फवारा काढून साधी धार वरून खाली सोडली तर बरंचसं पाणी एका पडद्यासारखं उतरून जातं. ब्लोअर असेल तर हात न लावताही गाडी कोरडी करता येते. शेवटचं पाणी क्षारमुक्त केलेलं असेल, तर सावलीत तशीच सोडली तरी फारसं बिघडत नाही. पण मेसेजमध्ये यातली एकही अट नाही.

९एचचा हिऱ्याशी काही संबंध नाही. ती पेन्सिलची श्रेणी आहे. आयएसओ १५१८४ नावाची चाचणी आहे, तिच्यात ९बी ते ९एच पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढून कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघतात. हिऱ्याचा १० हा आकडा मोस नावाच्या वेगळ्या मापावरचा, खनिजांसाठीचा. त्या मापावर क्वार्ट्झ ७ वर येतं, आणि रस्त्यावरच्या धुळीत, बांधकामाच्या रेतीत क्वार्ट्झच असतं. कोटिंगचा थर साधारण एखाद-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या एखाद-दोन हजारांशांचा. पहाटे बादली आणि एकच फडकं घेऊन ओळीने गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची रेती शेवटच्या गाडीवर घासली जाते. त्यात पुसणाऱ्याची चूक नाही, त्याला दिलेलंच तेवढं असतं. काळ्या गाडीवर उन्हात जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात ते असेच येतात. धूळ आधी पाण्याने सैल करून वाहू द्यायची, मगच कापड लावायचं.

लिंबाचं थोडक्यात. सौम्य आम्लात चुन्याचे ताजे डाग विरघळतात, एवढं बरोबर. पण मग पांढरं व्हिनेगर तितक्याच डिस्टिल्ड पाण्यात मिसळून, गाडी थंड असताना, सावलीत, मिनिटभर ठेवून भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच पुसायचं. उन्हात लिंबाची फोड चोळायची नाही.

पुसायचं कसं, हे मामांनाही लिहून दिलं आहे. गाडी सावलीत धुवायची, सकाळी किंवा उतरत्या उन्हात. एक बाजू सुकेपर्यंत दुसरीला साबण लावत बसायचं नाही. जाड, मोठा मायक्रोफायबर टॉवेल घ्यायचा, कारण जुन्या बनियनचं किंवा साडीचं कापड पाणी कमी शोषतं आणि जास्त घासावं लागतं. टॉवेल बॉनेटवर पसरायचा आणि दोन टोकांना धरून आपल्याकडे ओढायचा, दाबायचा नाही. टपापासून सुरुवात करून खाली यायचं. आरसे, दारांच्या मुठी, नंबरप्लेट यांच्या फटींतून पाणी नंतर गळतं, तिथे शेवटी पुन्हा एकदा फिरवायचा. खाली पडलेला टॉवेल गाडीला पुन्हा लावायचा नाही. टॉवेल वेगळा धुवायचा आणि त्याला कपडे मऊ करणारं कंडिशनर घालायचं नाही, नाहीतर तो पाणी शोषणं सोडतो.

राहिलं पाच वर्षांचं. कोटिंग करताना मिळालेलं वॉरंटी कार्ड उघडून वाचा. ठरावीक मुदतीने देखभालीला गाडी आणण्याची अट त्यात बहुधा असते, आणि क्षाराचे डाग वॉरंटीत धरतात का, तेही तिथेच बघून घ्या.