पाककृती नको, आधी डबे भरा

गेली सहा वर्षे नोकरीच्या बदल्यांमुळे मी एकटा राहतो. आधी जळगाव, मग लातूर आणि आता वर्धा, असा हा प्रवास आहे आणि कुटुंब पुण्यात आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वयंपाक शिकलेल्या माणसाने स्वयंपाकावर लिहावे का, असा प्रश्न काही जणांना पडेल. तरीही लिहितो, कारण मागच्या महिन्यात आमच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या एका मुलाने मला विचारले, "सर, मेसला कंटाळलो आहे आणि बाहेरून मागवणे परवडत नाही. स्वस्तात करता येतील अशा पाच रेसिपी सांगाल का?" मी त्याला एकही पाककृती सांगितली नाही. कागद घेतला आणि डब्यांची यादी लिहून दिली. तूरडाळ, मूगडाळ, अख्खा मसूर, मटकी, बेसन, तांदूळ, ज्वारीचे पीठ, शेंगदाणे, गूळ, चिंच, कांदे, लसूण आणि मिसळणाचा भरलेला डबा, एवढीच ती यादी होती. त्याचा चेहरा थोडा पडला, कारण त्याला 'काय करू' याचे उत्तर हवे होते आणि मी त्याला 'काय आणून ठेवू' हे सांगत होतो.

माझे मत असे आहे की स्वस्त स्वयंपाक हा एकेका पदार्थाचा गुण नसतो. समाजमाध्यमांवर 'स्वस्तात मस्त' म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यांत एका पदार्थाचा खर्च मोजलेला असतो आणि त्या पदार्थासाठी आणलेल्या, पुढे महिनाभर कपाटात पडून राहणाऱ्या तीन बाटल्यांचा मोजलेला नसतो. (पाच मिनिटांच्या त्या पदार्थांत चीज घातल्याशिवाय कोणाचे भागत का नाही, हे कोडे मला सुटलेले नाही.) घरचे जेवण स्वस्त होते ते कडधान्य वेळेवर भिजत घालण्याची आदल्या रात्रीची आठवण आणि दुसऱ्या दिवशीचे उरलेले अन्न या दोन टोकांमुळे. मधला स्वयंपाक त्यामानाने सोपा असतो.

अर्थात आदल्या रात्री काहीच आठवले नाही, तर काय करायचे? त्यासाठी पिठले आहे, आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. बेसनाचा भाव किलोला शंभर-सव्वाशे धरला, तरी वाटीभर पिठाचे दहा-बारा रुपये होतात आणि त्या वाटीभर पिठात तीन माणसांचे कोरड्यास होते. तेलात मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि उभा चिरलेला कांदा परतावा, हळद घालावी, वाटीभर बेसन तीन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे आणि ते फोडणीवर ओतून ढवळत राहावे. इतके सगळ्यांना ठाऊक असते. चुकते ते यापुढे. पिठले दाटले की ते झाले असे वाटते आणि गॅस बंद केला जातो. मग जिभेवर कच्च्या पिठाची चव रेंगाळते आणि पिठले आवडत नाही असे म्हणणारा आणखी एक माणूस तयार होतो. दाटल्यानंतर मंद आचेवर झाकण ठेवून पाच-सात मिनिटे दणदणीत वाफ काढणे हाच पिठल्याचा खरा स्वयंपाक आहे. काही घरांत पीठ कालवून न ओतता उकळत्या पाण्यात पेरतात आणि मुद्दाम गाठी राहू देतात. अशा गाठीच्या पिठल्याला मी सुरुवातीला सुगरणीची चूक समजत होतो. आता तेच अधिक आवडते.

याच युक्तीचे कोकणातले रूप म्हणजे कुळथाची पिठी. तिला पीठ आणखी कमी लागते. तीन-चार चमचे कुळथाचे पीठ, तीन वाट्या पाणी, लसणीची फोडणी आणि दोन आमसुले घातली की गरम भातावर ओतायला पातळसर पिठी तयार होते. खोबरे असेल तर घालावे, नसेल तर काही बिघडत नाही. खान्देशात वेगळीच हुशारी दिसली. तिथे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. ज्वारी-तांदळासारख्या धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते आणि डाळी-कडधान्यांत मिथिओनिन हा दुसरा घटक कमी असतो. दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते, हे शास्त्र आपण आता वाचतो. जळगावच्या माझ्या घरमालकीणबाईंना ही नावे माहीत नव्हती, पण उडदावाचून भाकरी करायला त्या तयार नसत. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चे तेल एवढ्यावर जेवण पुरे होते. ताटात भाजी नाही असे मनात येतही नाही.

आता आठवण असलेल्या दिवसांकडे वळतो. वाटीभर कोरडी मटकी आठ-दहा तास भिजवून, पाणी काढून, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवली की मोड येऊन ती अडीच-तीन वाट्या होते. त्यासाठी सकाळी दोन मिनिटे आणि संध्याकाळी दोन मिनिटे एवढेच श्रम पडतात. पहिल्या दिवशी तिची कांदा, गूळ आणि चिंच घातलेली उसळ होते. त्यातलीच मूठभर कच्ची मटकी बाजूला ठेवली, तर दुसऱ्या सकाळी कांदा, लिंबू आणि दाण्याचे कूट घालून न्याहारी होते, आणि उरलेली तांदळाबरोबर शिजवली की रात्रीचा मटकीभात होतो. लिंबाचा उल्लेख केवळ चवीसाठी केलेला नाही. कडधान्यांतले लोह शरीरात शोषले जायला क जीवनसत्त्वाची मदत होते, त्यामुळे उसळीवर लिंबू पिळण्याची आपली सवय शहाणपणाची आहे. भिजवायचे विसरलेच, तर डबा अख्ख्या मसुराचा उघडावा, कारण तो न भिजवताही कुकरमध्ये छान शिजतो. सांगली-कऱ्हाडकडच्या ढाब्यांनी या गरीब कडधान्याला जी प्रतिष्ठा मिळवून दिली आहे, ती मला फार न्याय्य वाटते.

भाज्यांबाबत माझा नियम असा आहे की आठवडी बाजारात बाजार उठायच्या वेळी जावे. त्या वेळी विक्रेते तराजू बाजूला ठेवून वाटे लावतात आणि दोन वाट्यांत आठवड्याचे भागते. निवड थोडी कमी मिळते, हे मान्य आहे. पण आपण ज्याला कचरा समजतो त्यातले बरेचसे खाण्याजोगे असते. मुळ्याचा पाला डाळ घालून परतता येतो, फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत जातात आणि दोडक्याच्या शिरा तीळ-खोबऱ्याबरोबर कुरकुरीत परतल्या की त्यांची जी चटणी होते, तिच्यासाठी मी दोडका आणतो. दोडक्याची भाजी त्या चटणीची सोबत म्हणून होते, असेच आता म्हणायला हवे. लातूरला राहिल्यापासून जवस आणि कारळ्याच्या चटण्याही घरात आल्या. एका बरणीत पंधरा दिवसांचे तोंडीलावणे तयार असले की रोज दुसरी भाजी करण्याची गरज राहत नाही.

गॅसविषयी थोडक्यात सांगतो. कुकरच्या एका खेपेत खाली डाळ, मध्ये तांदूळ आणि वर बटाटे ठेवावेत. पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. कुकरमध्ये पूर्ण दाब तयार झाल्यावर आतले तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसवर स्थिरावते. त्यानंतर मोठ्या आचेवर ठेवल्याने डाळ लवकर शिजत नाही, फक्त जास्तीची वाफ शिट्टीवाटे निघून जाते आणि तिच्याबरोबर आपले पैसेही. तूरडाळ अर्धा तास भिजवून लावली तर वेळ आणखी वाचतो.

उरलेल्या अन्नाचा भाग मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही, कारण बचत खरोखर तिथेच होते. रात्रीची आमटी सकाळी दाट झालेली असते. तिच्यात दोन वाट्या पाणी, तिखट-मीठ आणि गुळाचा खडा घालून तिला उकळी आणावी, कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत आणि ते एकेक करून उकळत्या आमटीत सोडावेत. दहा-बारा मिनिटांत वरणफळे तयार होतात. काही घरांत यांनाच चकोल्या म्हणतात. वर साजूक तुपाची धार असेल, तर शेजाऱ्याला बोलावून वाढण्याइतका हा पदार्थ देखणा होतो, आणि भांडी घासावी लागतात ती दोनच. शिळ्या पोळीचा कुस्करा सगळ्यांना माहीत आहे. त्यात मूठभर दाणे आणि शेवटी लिंबू घातले की तो कोरडा लागत नाही. शिळ्या भाताबाबत मात्र मी कडक आहे. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, पण शिजवल्यानंतरही तगून राहणारे काही जिवाणूंचे बीजाणू उबदार हवेत वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात तासाभराच्या आत पसरून गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर भात मोजकाच लावावा. स्वस्ताईच्या नावाखाली पोट बिघडवून घेण्यात काही अर्थ नाही.

इथपर्यंत लिहिल्यावर एक गोष्ट सांगणे मला भाग आहे, नाहीतर हे सगळे लिखाण लबाडीचे ठरेल. घरचे जेवण स्वस्त असते असे आपण म्हणतो, तेव्हा करणाऱ्याच्या श्रमांची किंमत आपण शून्य धरलेली असते. 1995 मध्ये राज्यात सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली होती. पुढे 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. तिच्यात दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात होता. ती थाळी दहा रुपयांत तयार होत नव्हती, हे सरकारला पक्के माहीत होते. शहरी भागात थाळीची किंमत 50 रुपये आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरली होती आणि ग्राहकाच्या दहा रुपयांवरचा फरक अनुदान म्हणून केंद्रचालकाला दिला जात होता. म्हणजे साध्या चपाती-भाजीच्या ताटामागे राबणारे हात असतात आणि त्यांचे पैसे कोणीतरी द्यावे लागतात, हे सरकारी हिशोबात तरी लिहिलेले होते. आमच्या घरच्या हिशोबात ते कधीच लिहिले गेले नाही. माझी आई सकाळी साडेपाचला उठून सहा माणसांच्या भाकऱ्या थापत असे आणि आम्ही अभिमानाने सांगत असू की आमच्याकडे महिन्याला किती कमी खर्च येतो. त्या भाकऱ्या फुकट नव्हत्या. त्यांचे बिल कोणी मागितले नाही, एवढेच.

हे मला कळले ते स्वतः परात पुढे ओढल्यावर. गव्हाचे पीठ ज्यामुळे चिवट होते ते ग्लुटेन ज्वारीत नसते, म्हणून पीठ कढत पाण्याने भिजवून तळहाताने भरपूर मळावे लागते. तरच ते एकसंध होते आणि थापताना कडा फाटत नाहीत. सहा वर्षांनंतरही माझ्या चार भाकऱ्यांतली एक तव्यावर टाकतानाच मोडते. त्यामुळे आठवड्यातले चार दिवस मी गल्लीतल्या एका ताईंकडून भाकऱ्या विकत घेतो आणि बाकीचे तीन दिवस भात खातो. पाच रुपये कमी करा म्हणून त्यांच्याशी घासाघीस करणे मी सोडून दिले आहे. स्वस्त स्वयंपाकाचे गोडवे गाणाऱ्यांनी, विशेषतः माझ्यासारख्या पुरुषांनी, आपल्या घरात कुकर कोण लावतो आणि मटकी कोण बांधतो हे पोस्टबरोबर लिहायला हरकत नसावी. ज्या घरात एकाच व्यक्तीला दोन वेळा चारी ठाव स्वयंपाक करावा लागतो, त्या घरात पिठले-भात आणि दाण्याची चटणी एवढेच रात्रीचे जेवण ठरवून टाकणे ही बचतही आहे आणि माणुसकीही.

त्या मुलाने माझी यादी घेऊन बाजार केला. पहिल्या आठवड्यात पिठले जमले. दुसऱ्या आठवड्यात तो सकाळीच माझ्या टेबलापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मटकीला घाण वास येतोय." विचारल्यावर कळले की त्याने ती दीड दिवस पाण्यातच ठेवली होती, आणि तीही वर्ध्याच्या मे महिन्यात. त्याला सांगितले ते इथेही लिहितो. उन्हाळ्यात मटकी सहा-सात तासच भिजवावी, मध्ये एकदा पाणी बदलावे, निथळून दोनदा धुवावी आणि ओल्या फडक्यात सैल बांधून खिडकीपाशी वारा लागेल अशी टांगावी. घट्ट बांधली की आतली उकडते. मोड दिसू लागताच ती फ्रिजमध्ये ठेवावी. आणि एवढे सांभाळणे जमत नसेल, तर पाऊस पडेपर्यंत मटकीचा डबा बंद ठेवून अख्खा मसूर खावा.