हात वर करून विचारणारे लोक

आज सकाळी एका जुन्या मित्राची नोकरी गेली. 11 वर्षं एकाच कंपनीत होता. व्हिडिओ कॉलवर तीन मिनिटांत विषय संपला आणि कॉल चालू असतानाच त्याचं लॉगिन बंद झालं. हे कमी होतं म्हणून दुपारी एकाने मला ऐकवलं, "सहकार वगैरे चांगल्या दिवसांत ठीक आहे, मंदीत कठोर निर्णय घेणारा मालकच लागतो." तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझे बाबा कामगारांच्या सहकारी छापखान्यात मशीनवर होते. मी शाळेत असताना मंदी आली, कामं निम्म्यावर आली. राखीव निधीवर काही महिने ढकलले, मग सभा बोलावली. फळ्यावर खडूने दोनच ओळी होत्या: आठ जणांना कमी करायचं, की सगळ्या 32 जणांनी पाव पगार सोडायचा. मी मागे कागदाच्या रिमांवर बसले होते. बाबा जुने, त्यांची नोकरी जाणार नव्हतीच. तरी पगार सोडायच्या बाजूने हात वर झाले, एकेक करत. बाबांचा हात सगळ्यात शेवटी. तळव्याच्या रेषांत शाई तशीच होती.

हा एकट्या आमच्या छापखान्याचा चमत्कार आहे का? 1844 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलला 28 जणांनी सहकारी दुकान काढलं तेही भुकेच्या, पडत्या काळातच. अर्जेंटिनात 2001 साली सगळं कोसळलं, मालक कारखाने सोडून गेले, तेव्हा झानोनच्या कामगारांनी फरशांचा कारखाना स्वतः चालवून दाखवला. स्पेनच्या बास्क प्रांतात मोंद्रागोन हा कामगारांच्या सहकारी संस्थांचा समूह आहे, तिथे एका संस्थेचं काम घटलं की सभासदांना दुसऱ्या संस्थेत सामावून घेतात. कारण साधं आहे. तिथे कामगारच भागधारक असतो. मंदीत तो नफ्यावर पाणी सोडेल, पगार कमी घेईल, पण स्वतःलाच घरी कसा बसवेल?

हो, मोंद्रागोनचीच फागोर ही घरगुती उपकरणं बनवणारी संस्था 2013 मध्ये बुडाली, माहीत आहे. सहकाराच्या नावाखाली घरं भरणारे संचालकही असतात. आणि आमच्या त्याच छापखान्यात पुढे नवं यंत्र घ्यायचं की नाही यावर दीड वर्ष वाद चालला, तोवर गिऱ्हाईकं गेली. मान्य. पण फागोर बुडाल्यावर तिच्या अनेक सभासदांना इतर संस्थांनी कामावर घेतलं, हे कुणी सांगत नाही.

पाव पगार सोडणं म्हणजे काय ते आम्ही घरात बघितलंय. सभेच्या रात्री आईने हिशेबाची वही काढली आणि एकेका ओळीवर काट मारत गेली. माझी सहल त्यात गेली. मी बाबांशी चार दिवस बोलले नाही, आज लिहितानाही त्याची लाज वाटते. चौदा महिने तसेच काढले. मग कामं परत आली तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्या मशीनवर हात बसलेली माणसं उभी होती. ज्यांनी माणसं काढली होती, ते छापखाने कारागीर शोधत फिरत होते. 'कठोर निर्णय' म्हणे! आठ घरांच्या चुली विझवायला कसली कठोरता लागते? ज्याचं काही जात नाही त्याला ते सोपंच असतं.

संध्याकाळी मित्राला फोन केला. विचारलं, पगार कमी घेतला असतास का? म्हणाला, "अगं, निम्म्यावर राहिलो असतो. विचारलं तर असतं कुणी."

मग बाबांना फोन लावला. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं: तुमचा हात शेवटी का वर गेला?

थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या फीचा हिशेब करत होतो. जमतंय म्हटल्यावर केला वर."